ज्वारी निघण्याआधीची बैठक



संध्याकाळची वेळ आहे. कुणाच्या हातात भाकरीचं पीठ असेल, कुणी नुकतीच रानातून आली असेल. हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

परवा सासूबाईंनी मला विचारलं, "रोज बैठकीला जातेस, मग काम कधी करतेस गं?" मी हसले, पण तो प्रश्न काही मनातून जाईना. गेली नऊ वर्षं मी बचत गटांची समन्वयक म्हणून फिरते. भाकऱ्या थापल्या तर टोपलीत दिसतात, भांगलण केली तर रान मोकळं दिसतं. मी दिवसभर चार गावांत बसून आले, तर दाखवायला काय? वहीतलं इतिवृत्त आणि चार सह्या, दोन अंगठे.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या शेजारगावचे एक फौजी भाऊ सुट्टीवर आले होते. ते दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेत राहून आलेले. बोलता बोलता म्हणाले, "ताई, तुमच्यासारखीच एक बाई आमच्या गाड्यांबरोबर यायची. अंगावर गणवेश नाही, जवळ बंदूक नाही. हातात वही. गावात पोचलं की आम्ही बाहेर पहाऱ्याला उभे राहायचो आणि ती झाडाखाली लोकांत जाऊन बसायची. तीन-तीन तास. सुरुवातीला मला वाटायचं, ही करते तरी काय?"

त्या बाईंच्या पदाचं नाव सिव्हिल अफेअर्स ऑफिसर. मराठीत नागरी व्यवहार अधिकारी म्हणू. नाव मोठं आहे, पण काम ऐकलंत की तुम्हाला ते ओळखीचं वाटेल. म्हणून आज त्याबद्दल बोलायचं ठरवलं.

युनो, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ, जिथं यादवी झाली आहे अशा देशांत शांतिसेना पाठवतो. निळ्या टोप्यांचे सैनिक आपण टीव्हीवर पाहतो. त्यांच्याबरोबर साधे कपडे घातलेली माणसंही जातात. नागरी व्यवहार अधिकारी त्यांतलेच. त्यांच्याकडे मुख्य तीन कामं असतात. पहिलं, गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि ते शांतिसेनेच्या वरिष्ठांपर्यंत न्यायचं. दुसरं, भांडणाऱ्या गटांना एकत्र बसवून समेटाला मदत करायची. तिसरं, तालुका-जिल्ह्याचा बंद पडलेला कारभार पुन्हा उभा राहावा म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांना हात द्यायचा. हुकूम सोडायचा अधिकार त्यांना नसतो. मोठा पैसाही हातात नसतो. छोट्या कामांसाठी, म्हणजे एखादी पोलीस चौकी, शाळेची खोली, दवाखान्याची दुरुस्ती, यासाठी एक निधी असतो. त्यातून एका कामाला साधारणपणे ५० हजार डॉलरपर्यंत मिळतात आणि ते काम सहा महिन्यांत उरकायचं असतं. बाकी सगळं बोलण्यावर आणि ऐकण्यावर.

आता दक्षिण सुदानकडे येऊ. हा देश ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीएवढा. मधून पांढरी नाईल नदी वाहते, तिच्या काठानं प्रचंड दलदल आहे. पक्के रस्ते अगदी थोडे, पावसाळ्यात कित्येक गावांचा रस्ताच तुटतो. स्वातंत्र्याला अडीच वर्षं होतात न होतात तोच, डिसेंबर २०१३ मध्ये, देशात यादवी पेटली. लाखो लोक घरं सोडून पळाले. पुढे २०१५ आणि २०१८ मध्ये मोठ्या पुढाऱ्यांनी करार केले. पण पुढाऱ्यांच्या सह्या झाल्या म्हणून रानातलं भांडण मिटत नाही. ते वेगळंच असतं आणि फार जुनं असतं.

ते भांडण काय, सांगते. तिकडे गाय म्हणजे सगळं काही. घरची ठेव गाय, दंड भरायचा तर गाय, आणि लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायच्या त्याही गायीच. पावसाळा संपला, वरचं गवत वाळलं, की गुराखी हजारो गुरं घेऊन पाणी आणि हिरवा चारा असेल तिकडे निघतात. वाटेत शेतकऱ्यांची शेतं लागतात. शेतात काय असतं? ज्वारी, भुईमूग, तीळ. मैत्रिणींनो, आपलीच पिकं! आणि त्या शेतात पेरणीपासून काढणीपर्यंत जास्त राबतात त्या बायकाच.

गुरं पीक निघाल्यावर आली तर दोघांचंही भलं असतं. गुरांना धाटं मिळतात, शेताला खत मिळतं. पण एखाद्या वर्षी चारा लवकर संपतो किंवा कुठे मारामारी होते, आणि गुरं महिनाभर आधी येतात. ज्वारी अजून उभी असते. एका रात्रीत वर्षाचं धान्य जातं. सकाळी चिडलेला शेतकरी गायीवर भाला टाकतो. गाय मेली म्हणून गुराखी सूड घ्यायला येतो. पूर्वी हातात काठ्या-भाले असायचे, लढायांच्या काळात घरोघरी बंदुका आल्या. एका गायीपायी माणसं मरतात, गावं जळतात, आणि मग दोन्हीकडचे पुढारी आपापल्या माणसांना पाठीशी घालतात.

हे थांबवायचं तर भांडण झाल्यावर पोचून उपयोग नाही. गुरं निघायच्या आधी पोचावं लागतं. म्हणून तिथे कोरडा हंगाम सुरू होताना एक बैठक घेतात, गुरं निघण्याआधीची. पावसाच्या तोंडाला गुरं परतली की दुसरी घेतात, हिशेबाची. गुराखी, शेतकरी, दोन्हीकडचे पाटील-मुखिया, तरुण पोरं, सरकारी अधिकारी, सगळे एका झाडाखाली. गुरं कधी निघणार? कुठल्या वाटेनं? पाणी कुठं प्यायचं? पीक तुडवलं तर भरपाई किती, गाय मारली तर किती? ठरेल ते कागदावर उतरवायचं.

वाव भागातले लुओ शेतकरी आणि शेजारच्या टोंज-गोग्रियाल भागातले डिंका गुराखी यांच्यात २०१६ साली असाच एक करार झाला. मारियल बाई नावाच्या ठिकाणी झाला म्हणून त्याला त्याच गावाचं नाव पडलं. गुरं आणण्याआधी परवानगी घ्यायची, बंदुका घेऊन यायचं नाही, पिकाची आणि गुरांची भरपाई द्यायची, अशी त्यात कलमं आहेत. ती पाळली जातात का हे बघायला दोन्ही बाजूंची समिती आहे. या कामामागे शांतिसेनेच्या नागरी व्यवहार विभागाचं आणि इतर संस्थांचं पाठबळ राहिलं आहे.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण असं झाड शोधायचं, जिथं दोन्हीकडची माणसं यायला तयार होतील, इथपासून काम सुरू होतं. कुणाला आधी भेटायचं? कुणाच्या गाडीतून जायचं? दुभाषा कुठल्या जमातीचा? तो बोलताना एखादा शब्द गाळत तर नाही ना?

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. नाव-गाव सांगत नाही. एका गटात कर्जाच्या नंबरावरून दोन बायकांचं बिनसलं. मी मिटवायला गेले. पहिल्या बाईंचं घर रस्त्यावरच, म्हणून आधी तिथं गेले. त्यांनी चहा ठेवला, मी प्यायले, त्यांचं सगळं ऐकलं. मग दुसरीकडे गेले. तिथल्या काकू दारातच म्हणाल्या, "तिकडं चहा पिऊन आलासा न्हवं? मग निकाल पण तिकडंच लागला असंल." मी परोपरीनं समजावलं, पण उपयोग झाला नाही. मी खरंच कुणाची बाजू घेतली नव्हती. पण माझी पावलं आधी कुठल्या उंबऱ्यावर पडली हे सगळ्या आळीनं पाहिलं होतं. तो गट फुटला. पाच जणी बाहेर पडल्या, त्यातली एक विधवा होती. तिला पुढं पोरीच्या फीसाठी सावकाराकडे जावं लागलं. आजही ती समोर आली की माझी मान खाली जाते.

एका कप चहानं आमच्याकडे गट फुटला. जिथं घरोघरी बंदूक आहे, तिथं त्या वहीवाल्या बाईला प्रत्येक पाऊल किती जपून टाकावं लागत असेल! आणि तिच्याबरोबर पहारा लागतो तो उगाच नाही. एप्रिल २०१३ मध्ये दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात शांतिसेनेच्या ताफ्यावर हल्ला झाला, त्यात आपले पाच भारतीय सैनिक गेले.

आपल्या सैनिकांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाईलकाठच्या मलाकाल शहरात भारतीय तुकडीबरोबर जनावरांचे डॉक्टर राहिले आहेत. त्यांनी तिथल्या लोकांची गुरं, शेळ्या तपासल्या, औषध दिलं. ज्याची गाय तुम्ही बरी केली, तो तुमच्याशी दोन शब्द बोलतो. बोलणं सुरू झालं की पुढचं काही शक्य होतं. आपल्याकडे आरोग्य शिबिरानं गावात शिरकाव होतो, तसंच हे.

आता बायकांबद्दल. अशा बैठकांना बोलवायचं म्हटलं की आधी नावं येतात ती पुरुषांची. मुखिया पुरुष, गुरांच्या तळावरचे तरुण पुरुष, सरकारी साहेब बहुतेक पुरुष. पण तुडवलेलं पीक बाईचं. पाण्याला, सरपणाला लांब जाते ती बाई, आणि वाटेत अत्याचार होतो तोही तिच्यावर. म्हणून चांगले अधिकारी काय करतात? मोठ्या बैठकीआधी बायकांना वेगळं भेटतात. पुरुषांसमोर ज्या बोलणार नाहीत त्या तिथं बोलतात. कुठल्या वाटेवर भीती आहे, कुणाच्या पोरानं बंदूक आणली आहे, गुरं यंदा लवकर येणार असं कुणी कुजबुजलं का, हे बायकांना ठाऊक असतं. मग मोठ्या बैठकीत त्यांना नुसतं सतरंजीवर बसवायचं नाही, बोलायची पाळीही द्यायची. आपल्याकडच्या ग्रामसभेत जी बाई कोपऱ्यात बसून सही करून येते, तिला हा फरक मी काय समजावणार!

हे सगळं केलं की शांतता येते का? खोटं सांगणार नाही. दर वेळी येत नाही. मारियल बाईचा करार झाल्यावरही २०१९ मध्ये त्याच जुर रिव्हर भागात पुन्हा हल्ले झाले, लोकांना पुन्हा घरं सोडावी लागली. भरपाई वेळेवर मिळाली नाही, की कागदावरचा विश्वास उडतो. करार करणारे म्हातारे मुखिया एक बोलतात आणि बंदूकवाली पोरं वेगळंच करतात. शिवाय ही अधिकारी मंडळी कायमची नसतात. आज इथं, दोन वर्षांनी दुसऱ्या देशात. शांतिसेनाही एक दिवस परत जाते. तेव्हा मागे राहते ती गावातली समिती. ती तोवर स्वतः बैठक बोलवायला शिकली असेल तरच केलेलं टिकतं.

करार मोडला की मग पुन्हा झाडाखाली बसायचं. मागच्या वेळी काय चुकलं ते विचारायचं. पुन्हा तारीख, पुन्हा वाट, पुन्हा भरपाई. त्या फौजी भाऊंना मी विचारलं, "मग तुम्हाला कळलं का, ती बाई काय करायची ते?" ते म्हणाले, "एका वर्षी आमच्या भागात गुरं आली आणि गेली. काहीच झालं नाही. तेव्हा कळलं."

काहीच झालं नाही. याची बातमी होत नाही, मैत्रिणींनो. पण कुणाच्या तरी कणगीत ज्वारी आली, कुणाचा तरी मुलगा संध्याकाळी घरी परतला.

जाता जाता एक सांगते. दक्षिण सुदानात युनोचं एक रेडिओ केंद्र आहे, रेडिओ मिराया. २००६ पासून चालू आहे. मिराया म्हणजे आरसा. तिकडेही कुणी बाई चुलीपाशी बसून ते ऐकत असेल, जशा तुम्ही मला ऐकताय.

मी मात्र त्या पाच जणींकडे येत्या सोमवारी जाणार आहे. दोन वर्षं उशीर झाला, पण जाणार आहे. या वेळी कुणाच्या घरी नाही, देवळासमोरच्या पिंपळाखाली. दोन्हीकडच्यांना एकाच वेळी निरोप धाडला आहे. चहा मी घरून थर्मासमधून नेणार आहे, सगळ्यांना एकदमच देईन. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "साखर जरा जास्त घाल."

बैठकीत काय झालं ते पुढच्या वेळी सांगेन. तुमच्या गटात अशी कुणी बाहेर पडलेली बाई असेल, तर तिच्याकडे कोण जाणार, एवढं या बैठकीत ठरवा.

नमस्कार.