गोणाई आणि आमची आई



विणेकरी, टाळकरी, चोपदार आणि डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या मायमाऊल्यांनो, आमचं शिक्षण चौथी. कीर्तनाला उभं केलं तर दोन घंटे बोलू, पण भाषण काही आम्हाला येत नाही. मंडळी म्हणाली, दिंडीची शंभर वर्षं झाली, एखाद्या जुन्या माणसाची आठवण सांगा. आम्ही विचारलं, दिंडीत एक पाऊलही न चाललेल्या माणसाची सांगितली तर चालेल का? चालेल म्हणाले. म्हणून आईची सांगतो.

पण आधी गोणाईची सांगावी लागते. नरसी आपल्यापासून फार लांब नाही, हिंगोली जिल्ह्यातच आहे. दामाशेटी शिंपी आणि गोणाई यांच्या पोटी १२७० साली नामदेव महाराज जन्मले. पोराचं धंद्यात चित्त नाही, सगळा वेळ देवापाशी. मग गोणाई देवळात जाऊन पांडुरंगाशीच भांडते, माझा लेक मला परत दे म्हणते. तिच्या नावाचे अभंग गाथ्यात आहेत. आम्ही कीर्तनकार काय करतो? आवाज बारीक करतो, उपरणं कमरेला खोचतो, हातवारे करतो. लोक पोट धरून हसतात. आम्हीही पुष्कळ वर्षं हा हशा घेतला.

एकदा गावातच कीर्तन होतं. आई बायांमध्ये बसली होती. रात्री घरी आल्यावर तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आन् म्हणाली, "लेकरा, गोनाई भांडली ते समद्यायला सांगतूस. तिच्या घरी नातवंडं व्हती. त्यायला त्या दिशी भाकर कोन टाकली, ते नाही सांगत."

आईला सही येत नव्हती. आम्ही गाथा पाठ केलेली. उत्तर मात्र आलं नाही.

मग आम्ही त्या घराचा विचार करायला लागलो. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार नातू आणि लिंबाई ही नात. बाप ज्ञानोबा माऊलींबरोबर तीर्थाला गेलेला, पुढं तर पार पंजाबात घुमानपर्यंत गेला. त्यांची पदं शीख बांधवांच्या ग्रंथसाहिबात आहेत, नांदेडच्या गुरुद्वारात जाणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पण तो बाहेर असताना चूल कोणाची पेटत होती? गोणाईची आणि राजाईची. त्या घरात लेकींनी, सुनांनी, सगळ्यांनी अभंग केले. लेकरांच्या कानावर नाम पहिलं कोणी घातलं असेल? आजीनं, असा आमचा अंदाज. पोथीत तसं लिहिलेलं नाही.

गंगाखेडची जनाबाई त्याच घरात राबली. तिनं एका अभंगात घरातल्या पंधरा माणसांची नावं सांगितली आहेत. त्यात आधी सासू-सुना येतात आणि मग बापलेक. आम्ही तो अभंग किती वेळा म्हटला, पण हा क्रम ध्यानात आला नव्हता.

आता आमच्या घरचं. मिरगाचा पाऊस पडला की पेरणी आन् दिंडी निघायची वेळ एकच. आम्ही पताका खांद्यावर घेऊन मोकळे. मागं तिफणीच्या चाड्यावर मूठ आईची. परत यावं तेव्हा पऱ्हाटी वर आलेली, डवरणी झालेली आणि आईच्या हाताला भेगा. वारीहून आलो की ती आमच्या पायावर डोकं ठेवायची. पायाला पंढरीची धूळ आहे म्हणायची. आईनं लेकाच्या पाया पडायचं! आणि आम्ही पडू दिलं, एक-दोन नाही, कितीतरी वर्षं.

एका वारीत मागं धाकट्याला ताप भरला. तिनं त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, तीन रात्री उशाशी बसली. आम्हाला निरोप नाही. आल्यावर विचारलं तर म्हणे, "सांगितलं असतं तर तू मागं फिरला असतास." नातवंडांना हरिपाठ तिनंच शिकवला, संध्याकाळी चुलीपुढं. आमच्या पोरांचा हरिपाठ ऐकून लोक म्हणतात, बापाचं वळण. ते खरं नाही.

ती पंढरपूरला एकदाच गेली, म्हातारपणी, कार्तिकीला, एस.टी.नं. महाद्वारात नामदेव पायरी दाखवली. महाराजांनी १३५० साली घरच्या माणसांसह तिथं समाधी घेतली, असं परंपरा सांगते. आईनं विचारलं, "गोनाई बी हितंच हाय का?" आम्ही हो म्हणालो. ती खालीच बसली, पायरीला हात लावून. मागून गर्दी रेटत होती, आम्ही म्हणालो, "आई, चल, दर्शन राहील." ती म्हणाली, "तू व्हय पुढं. म्या हिच्यापाशी बसते थोडी."

आम्ही माहूरचे, रेणुकामाईच्या गडाखालचे, मातृतीर्थाचं पाणी प्यालेले. आम्हाला तरी हे लवकर कळायला पाहिजे होतं.

या पुस्तकात विणेकऱ्यांची, चोपदारांची यादी छापणार आहेत. छापा, बरोबरच आहे. फक्त छापायच्या आधी घरोघर जाऊन विचारा की दिंडी गेल्यावर पेरणी कोण करत होतं, आणि ती नावंही घ्या. आमच्या घरचं लिहाल तेव्हा आईचं वर लिहा, आमचं त्याच्या खाली.

रामकृष्ण हरी.