जुना संगणक देण्यापूर्वी

गेल्या दिवाळीत आमच्याकडे नवा संगणक आला. जुना, विंडोज एक्सपीवरचा, माझ्या वडिलांचा. निवृत्तीनंतर एका बोटाने टायपिंग शिकून दादांनी २००३ पासून त्यावर आपल्या आठवणी लिहिल्या. दादा आता नाहीत. भंगारवाला यायचा होता, म्हणून मी घाईघाईने सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या. संख्या मोजली, ती जुळली. (मोजदाद जुळली की काम झालं, हा आम्हा हिशेबनिसांचा जुना भ्रम.)

संध्याकाळी आईला दाखवायला पहिली फाइल उघडली, तर पडद्यावर मराठी नाहीच! रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस यांची नुसती खिचडी. आई म्हणाली, "अरे, हे काय लिहून ठेवलंय त्यांनी?"

फाइल बिघडली नव्हती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये तिची सोयही झाली. तरी पुढे कित्येक वर्षं छापखान्यांत आणि घरोघरी जुनेच फाँट चालले. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. कुठे अर्धा 'क', कुठे काना, कुठे वेलांटी. फाइलमध्ये साठतात ते रोमन अक्षरांचेच क्रमांक. मराठी दिसते ती केवळ फाँटमुळे. प्रत्येकाची मांडणीही निराळी, म्हणजे एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आणि दादांचा फाँट होता विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरमध्ये, जिकडे फायली गोळा करताना मी फिरकलोच नव्हतो.

नशीब, भंगारवाल्याने दांडी मारली होती. जुना संगणक पुन्हा जोडला, फाँटची फाइल आणून नव्यावर बसवली, आणि दादांची मराठी दिसू लागली.

पण मोबाइलवर नातवंडांना ती वाचता येईना. मग परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणला. तिथे नवी गंमत. जुन्या फाँटमध्ये रफार अक्षरानंतर साठतो, युनिकोडमध्ये त्याआधी. परिवर्तक काही ठिकाणी गडबडला आणि दादांच्या 'कर्जत'चं 'कजर्त' झालं. त्यामुळे मूळ फायली तशाच ठेवून रोज रात्री आई छापील प्रत वाचते, मी पडद्यावर दुरुस्त करतो. मध्येच ती थांबते, "हे असं नव्हतं झालं," म्हणते आणि खरं काय झालं ते सांगते. तेही मी वेगळ्या फाइलमध्ये लिहून घेतो.

साठ पानं झाली आहेत. जुना संगणक टेबलाखालीच आहे. भंगारवाल्याला दोनदा परत पाठवलं.