माणकाची पारख आणि कोंदण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



सोनाराने बोलावयाचे ते हातोडीने, अशी माझ्या वडिलांची शिकवण होती. तेव्हा चिटणिसांचे निमंत्रण आले, त्या वेळी मी नकारच देणार होतो. परंतु लग्नसराई तोंडावर आली आहे, आणि आपल्या कितीतरी घरांतून मुलीसाठी माणकाची अंगठी वा कुड्या घडविण्याचा विचार चालू आहे. अशा वेळी चार अनुभवाच्या गोष्टी सांगितल्या तर त्या उपयोगी पडतील, या भरवशावर मी उभा आहे.

माणिक म्हणजे कुरुंदाचाच लाल प्रकार. ज्या कुरुंदाने आपण हत्यारांना धार लावतो, त्याचेच हे राजस भावंड. त्यात क्रोमियमचा किंचित अंश मिसळला, की लाल रंग येतो. आपल्या परिचयाच्या रत्नांत कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल त्याचेच स्थान. ब्रह्मदेशातील मोगोक खोरे शतकानुशतके माणकांसाठी विख्यात आहे, आणि 2009 नंतर आफ्रिकेतील मोझांबिक देशातूनही उत्तम माल येऊ लागला आहे. गावाच्या नावाने किंमत चढते हे खरे. पण मोगोकचाही खडा मळकट असू शकतो. म्हणून नाव मागाहून, खडा आधी.

खडा पाहताना प्रथम रंग पाहावा. तो दुकानातील झगझगीत दिव्याखाली पाहून ठरवू नये; दारात येऊन दिवसाच्या उजेडात पाहावा आणि घरच्या दिव्याखालीही पाहावा. फार काळपट नको, गुलाबी पडलेला नको. मग खडा सरळ धरून मध्यभागी पाहावे. काचेच्या तावदानातून दिसावे तसे पलीकडचे आरपार दिसत असेल, तर पैलू उथळ पडले आहेत असे समजावे; अशा खड्याचे तेज मध्येच मरते. दुसरी गोष्ट वजनाची. माणिक हिऱ्याहून जड असते. त्यामुळे एका कॅरटचे, म्हणजे 200 मिलिग्रॅमचे, माणिक त्याच वजनाच्या हिऱ्यापेक्षा लहान दिसते. तेव्हा अंगठीचा घाट ठरविताना कॅरट न धरता खड्याची लांबीरुंदी धरावी.

आता खऱ्याखोट्याचा प्रश्न. दुधात खडा टाकला की दूध गुलाबी दिसते, तोच खरा, असे अजून सांगितले जाते. भगिनींनो, दुधात लाल काच टाकली तरी तोच भास होईल! व्हेर्नय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक तयार करण्याची कृती 1902 साली जाहीर केली. तेव्हापासून हे कृत्रिम खडे जगभर पसरले. ते काच नव्हेत. घडण आणि कठीणपणा खऱ्या माणकाचाच. मात्र भिंगाखाली त्यांत ग्रामोफोनच्या तबकडीवरील चऱ्यांसारख्या वक्र रेषा आणि हवेचे बुडबुडे आढळतात. निसर्गाच्या माणकात रेषा सरळ असतात, आणि पुष्कळदा अतिसूक्ष्म सुयांचे जाळे असते. त्यास रेशीम म्हणतात. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणून नाक मुरडतो, तीच कित्येकदा खरेपणाची खूण असते. आजीच्या पेटीतील माणिक कृत्रिम निघाले तर आजीला दोष देऊ नये. इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे मुळी माणिकच नव्हे. तो स्पिनेल नावाचा निराळा खडा आहे. जेथे राजे फसले, तेथे आपली काय कथा!

आता माझ्याच चुकीची हकीकत सांगतो. 2009 साली आमच्या आळीतील एक काकू अंगठी घेऊन पेढीवर आल्या. यजमान नुकतेच वारले होते. प्रवासातून त्यांनी आणलेले मोठे लालबुंद माणिक त्या अंगठीत होते. काकू खंगल्या होत्या, अंगठी बोटात सैल झाली होती. ती लहान करून द्यावयाची, एवढेच काम. माणिक आगीला भीत नाही, या जुन्या समजुतीवर विसंबून मी खडा न काढताच झाळकाम केले आणि अंगठी तेजाबात टाकली. बाहेर काढली तो खड्यावर पांढऱ्या रेघांचे जाळे उमटलेले! तो खडा चिरांनी भरलेल्या हलक्या माणकात शिशाची काच भरून केलेला होता. 2004 च्या सुमारापासून असा माल बाजारात येऊ लागला होता, आणि मी भिंग डोळ्याला न लावताच फुंकणी हाती घेतली होती.

‘खडाच वाईट होता’ असे म्हणून मला सुटता आले असते, आणि ते खोटेही नव्हते. पण मी सर्व सांगितले आणि नवा खडा बसवून देतो म्हणालो. काकू शांतपणे म्हणाल्या, “अहो, खडा हलका होता याचे मला दुःख नाही. तुम्ही आधी सांगितले असते, तर मी तो तसाच सुतात ओवून गळ्यात घातला असता.” त्या वाक्याने मला जे शिकविले, ते भट्टीपुढच्या तीस वर्षांनी शिकविले नव्हते. तेव्हापासून खडा भिंगाखाली पाहून, जे दिसेल ते पावतीवर लिहून, गिऱ्हाइकाला वाचून दाखविल्याशिवाय मी काम हाती घेत नाही.

आपणही तेवढे मागून घ्यावे. काच भरलेला खडा हलवून पाहता चिरांतून निळसर चमक दिसते. त्याला लिंबाचा रसही बाधतो. नुसते तापवून रंग सुधारलेले माणिक मात्र टिकाऊ असते, आणि बाजारातील बहुतेक माणके तशीच असतात. तापविणे हा गुन्हा नव्हे, लपविणे हा गुन्हा. मोठी खरेदी असेल तर प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा, आणि त्यात नैसर्गिक की कृत्रिम, तापविलेले की नाही, काच भरली आहे की काय, हे तिन्ही पाहावे.

कोंदणाविषयी थोडक्यात सांगतो. रोज वापरावयाच्या अंगठीला सभोवार कड असलेले बंद कोंदण उत्तम. कारण कठीण खडाही आघाताने टवका सोडतो. कुड्यांना वा पदकाला नखांचे कोंदण शोभते. नखे बावीस कॅरटच्या मऊ सोन्याची करू नयेत. अठरा कॅरटची घट्ट धरतात. खड्याची मागची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे प्रकाश खेळतो आणि मळ धुता येतो. पाठ बंद असलेल्या जुन्या दागिन्यात खड्याखाली रंगीत पत्रा असू शकतो. तो उकलल्याशिवाय रंगाचा निवाडा करू नये. स्वच्छतेला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कुंचला पुरे.

शेवटी माझ्या तरुण व्यवसायबंधूंना एकच विनंती. गिऱ्हाईक आपल्या हाती खडा देते तेव्हा त्यासोबत कुणाची तरी आठवणही देत असते. तिचे मोल दाखल्यावर लिहिलेले नसते. ते विचारून घ्या, आणि मगच फुंकणी उचला.