बोलणाऱ्याची नोकरी आणि चौथे शील

(विहाराच्या वर्धापनदिनी, पदवीधर मुला-मुलींच्या सत्कार समारंभात केलेले भाषण)

 

गेल्या रविवारी वंदनेनंतर आपल्यातल्या एका मुलीने सांगितले की पदवी झाली, आता मला जनसंपर्काच्या क्षेत्रात जायचे आहे. मागून कुणीतरी हसले. एक ताई म्हणाल्या, "म्हणजे काय, साहेबाची वाहवा करायची नोकरी ना?" पोरगी गप्प बसली. मी घरी गेलो, पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. म्हणून आज त्याच विषयावर बोलणार आहे.

मी काही कॉलेजचा माणूस नाही. गिरणीत रिंग खात्यात उभ्याने आयुष्य गेले. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. पण जनसंपर्क म्हणजे काय, हे मला गिरणीच्या दारातच कळले.

आमच्याकडे एकदा ४३ बदली कामगारांना तोंडी सांगून कामावरून कमी केले. दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आले? "कामगार स्वतःहून कामावर आले नाहीत." ऑफिसातून टाइप केलेले पत्रक गेले होते, ते जसेच्या तसे छापले गेले. आम्ही चिडलो. रात्र जागून चार पाने लिहिली. जुलमी, रक्तपिपासू, एकही शब्द सोडला नाही. आणि ४३ चे २०० मीच केले. म्हटले, आकडा मोठा असला म्हणजे लक्ष जाईल. कुठेही एक ओळ आली नाही.

एका लहानशा दैनिकात एक उपसंपादक होते. त्यांनी मला समोर बसवले आणि विचारले, "माणसं किती? तारीख कोणती? पुरावा काय?" २०० नावे सांगा म्हणाले, मला सांगता येईनात. मान खाली गेली. परत आलो, ४३ जणांची नावे लिहिली, हजेरी कार्डांच्या झेरॉक्स काढल्या. ही माणसे त्या दिवशी गेटवर आली होती हे त्या कार्डांवरून दिसत होते. मग बारा ओळींचे निवेदन केले. ते छापून आले. चार दिवसांनी चर्चेला बोलावणे आले. सगळे परत घेतले गेले असे मी म्हणणार नाही, पण निम्म्याहून अधिक जण कामावर चढले. जे राहिले त्यांच्यापैकी दोघे आजही मला भेटतात. तेव्हा वाटते, चार दिवस आधी खरे लिहिले असते तर?

मित्रांनो, आपली बाजू लोकांपुढे मांडणे हे एक शास्त्र आहे, आणि ते आपल्याला नवीन नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सरकारी कॉलेजात प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पुढे महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. महाडला काय घडले हे दुसऱ्यांनी सांगावे आणि आपण ऐकावे, हे त्यांना मान्य नव्हते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत आंबेडकरी जलशांनी तोच विचार पोचवला. याला जनसंपर्क नाही तर काय म्हणायचे?

पण या धंद्याची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. अमेरिकेत आयव्ही ली नावाचा गृहस्थ होऊन गेला. आधुनिक जनसंपर्काच्या जनकांत त्याचे नाव घेतात. १९०६ साली त्याने जाहीरनामा काढला की आम्ही वर्तमानपत्रांना उघडपणे, खरी आणि तपासता येईल अशी माहिती देऊ. फार चांगली गोष्ट. पुढे २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडो राज्यात लडलो येथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले मेली. त्यानंतर खाणीचे मालक रॉकफेलर यांनी याच ली साहेबाला कामावर घेतले. त्याने मालकांच्या बाजूची पत्रके देशभर वाटली. त्यात युनियनच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे फुगवलेले होते, आणि ते त्याने तपासलेही नव्हते. म्हणजे आठ वर्षांत जाहीरनामा कुठल्या कुठे गेला! मी हे वाचले तेव्हा मला माझे २०० आठवले. मालकाच्या बाजूने फुगवा नाहीतर कामगाराच्या, खोटे ते खोटेच.

म्हणून माझे सांगणे एवढेच की या क्षेत्रात जरूर जा, पण पंचशीलातले चौथे शील सोबत घेऊन जा. तथागतांनी सम्यक वाचा सांगितली तिच्यात चार गोष्टी टाळायच्या आहेत: खोटे, चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड. जनसंपर्क अधिकाऱ्याने ही चार कलमे टेबलावर लावून ठेवावीत. वरिष्ठ म्हणतील, "असं लिही." तेव्हा विचारायचे, "साहेब, याचा कागद आहे का?" एवढा एक प्रश्न विचारायची हिंमत असेल तर नोकरी आणि सम्यक आजीविका दोन्ही एकत्र चालतात.

आता कामाचे बोलतो. कुठल्याही शाखेची पदवी असली तरी पुढे जनसंपर्क किंवा पत्रकारितेचा अभ्यासक्रम करता येतो. पुण्याला विद्यापीठाची रानडे इन्स्टिट्यूट आहे. दिल्लीला १९६५ साली स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेत जाहिरात आणि जनसंपर्काचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तिचे एक केंद्र आपल्या अमरावतीला आहे. राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. तिथली जिल्हा माहिती अधिकाऱ्याची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरतात. त्याला अनुभवाची अट असते, म्हणून जाहिरात नीट वाचा आणि आजपासून अनुभव जमवा. महापालिका, रेल्वे, रुग्णालये, बँका, सगळीकडे हे काम आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म वेळेत भरा. आपल्या हक्काचा पैसा आळसाने जाऊ देऊ नका.

आणि मराठी सोडू नका. इंग्रजी शिकाच, पण आजीला समजेल अशा मराठीत बारा ओळी लिहिता आल्या पाहिजेत.

अनुभव कुठे मिळेल? इथेच मिळेल. विहार समितीला माझी विनंती आहे की विहाराचे पत्रव्यवहाराचे आणि बातम्यांचे काम एक वर्ष त्या मुलीकडे द्यावे. पाण्याच्या तक्रारीचा अर्ज, धम्म परिषदेचे निवेदन, कार्यक्रमाचा वृत्तांत, सगळे तिने लिहावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी आपणहून माहिती जाहीर करायची असते. ती आपल्या वॉर्डात किती जाहीर होते तेही तिने बघावे. छापून आलेले प्रत्येक कात्रण वहीत चिकटवावे. उद्या मुलाखतीला तीच वही पुढे ठेवता येईल.

हसणाऱ्यांनाही एक विनंती आहे. आपल्या वस्तीबद्दल वाईट छापून आले की आपण चौकात ओरडतो. लिहून उत्तर देणारे माणूस घरात तयार होत असेल तर त्याला हसू नका. ताई, ही पोरगी साहेबाची वाहवा करायला निघालेली नाही. आमच्या ४३ जणांच्या वेळी अशी एक पोरगी आमच्यात असती, तर तिने मला २०० लिहू दिले नसते.