ब्राउझरचा इशारा आणि विश्वासाची साखळी



स्पर्धा परीक्षेच्या ऑनलाइन अर्जाची अखेरची तारीख. रायपूरच्या गुढियारी भागातील एखादे सेवा केंद्र, ज्याला छत्तीसगडात सर्वसाधारणपणे ‘चॉइस सेंटर’ म्हटले जाते. तेथे उमेदवारांची रांग लागलेली असते. अर्ज भरून होतो, शुल्काचे पान उघडायचे असते आणि नेमका त्याच वेळी पडद्यावर लाल त्रिकोण उमटतो : ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’ केंद्रचालक सवयीने ‘प्रगत’ आणि मग ‘पुढे जा’ ही बटणे दाबतो. ‘हे रोजचेच आहे’, असे उमेदवाराला सांगितले जाते. असे दृश्य गुढियारीत दिसेल, गडचिरोलीत दिसेल आणि नांदेडमध्येही दिसेल. परंतु त्या दोन बटणांमध्ये माहिती तंत्रज्ञान युगातील एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. न पाहिलेल्या संस्थेवर नागरिकाने विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

इशारा नेमका कशाबद्दल?

सुरक्षित संकेतस्थळाशी होणाऱ्या व्यवहारात दोन गोष्टी अभिप्रेत असतात. माहिती वाटेत कोणाला वाचता येऊ नये, ही पहिली. समोरचे संकेतस्थळ खरोखर तेच आहे याची खात्री व्हावी, ही दुसरी. दुसरी गोष्ट साधली नाही तर पहिलीला अर्थ उरत नाही. पाकीट कितीही घट्ट बंद केले तरी ते भलत्याच माणसाच्या हाती पडले तर उपयोग काय?

ही ओळख डिजिटल प्रमाणपत्राने पटविली जाते. जातीच्या दाखल्याचे उदाहरण घेतल्यास हे सहज समजते. कार्यालयातील लिपिक अर्जदाराला ओळखत नाही. तो सक्षम अधिकाऱ्याची सही व शिक्का ओळखतो आणि त्या अधिकाऱ्याला शासनाने अधिकार दिले आहेत हे जाणतो. त्याचप्रमाणे संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर एका मध्यस्थ प्राधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असते आणि त्या मध्यस्थाच्या प्रमाणपत्रावर मूळ प्राधिकाऱ्याची. कोणत्या मूळ प्राधिकाऱ्यांवर विश्वास ठेवायचा, याची यादी ब्राउझरमध्ये किंवा संगणकाच्या कार्यप्रणालीत आधीच साठविलेली असते. साखळीतील एखादा दुवा निसटला, मुदत संपली किंवा नाव जुळले नाही, की इशारा झळकतो.

भारतात या व्यवस्थेला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चा आधार आहे. हा कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्यातील कलम १७ अन्वये प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाची तरतूद असून ते कार्यालय १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. योगायोग असा की, त्याच दिवशी छत्तीसगड राज्याची निर्मिती होऊन रायपूर राजधानी झाले. भारतातील परवानाधारक प्राधिकाऱ्यांची विश्वाससाखळी या नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रापाशी पोहोचते.

२०१४ चा धडा

ही साखळी किती नाजूक असते, हे जुलै २०१४ मध्ये दिसून आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही नामक्षेत्रांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे २ जुलै रोजी गूगलच्या लक्षात आले. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी त्या केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. नियंत्रकांच्या चौकशीत चार बनावट प्रमाणपत्रे आढळली. त्यांपैकी तीन गूगलच्या व एक याहूच्या नामक्षेत्रांसाठी होते. मात्र या चारांपलीकडचीही प्रमाणपत्रे आपल्याला ठाऊक असल्याचे गूगलने सांगितले. पुढे गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता सरकारी, शैक्षणिक व अन्य मोजक्या भारतीय नामक्षेत्रांपुरती मर्यादित केली.

या घटनेतील एक बाब अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी. विंडोजच्या यादीत भारतीय मूळ प्रमाणपत्र होते; म्हणून विंडोजवरील अनेक ब्राउझर ती बनावट प्रमाणपत्रे खरी मानण्याचा धोका होता. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र होती व तिच्यात हे मूळ प्रमाणपत्र नव्हते. त्यामुळे तो ब्राउझर या धोक्यापासून दूर राहिला. मात्र याच कारणामुळे भारतीय साखळीतील प्रामाणिक संकेतस्थळांवरही फायरफॉक्स इशारा देत असे. म्हणजे विश्वासाची यादी कोण ठरवितो, हा तांत्रिक प्रश्न तर आहेच, पण तो डिजिटल सार्वभौमत्वाचाही प्रश्न आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय वेब ब्राउझर विकसित करण्याची स्पर्धा जाहीर केली. त्या ब्राउझरच्या यादीत भारतीय मूळ प्रमाणपत्र असावे, अशी तिच्यात अपेक्षा होती. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात झोहो ही कंपनी प्रथम आली.

वारंवार येणारे इशारे

प्रत्येक इशाऱ्यामागे चोरच असतो असे नाही. बऱ्याचदा कारण अगदी साधे असते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि आजचे वैध प्रमाणपत्रही त्याला ‘अद्याप सुरू न झालेले’ वाटते. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळावर इशारा येतो. तारीख दुरुस्त करताच तो नाहीसा होतो. सार्वजनिक वायफायवर लॉगिन होण्यापूर्वी असेच घडू शकते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या उपकरणांवर असंख्य संकेतस्थळे अचानक ‘असुरक्षित’ ठरली.

म्हणून उमेदवाराने क्रमाने तपासावे. प्रथम संगणकाची तारीख व वेळ. नंतर पत्त्यातील प्रत्येक अक्षर. मग तेच संकेतस्थळ दुसऱ्या जाळ्यावरून, उदाहरणार्थ मोबाइलच्या इंटरनेटवरून, उघडून पाहावे. सर्वच ठिकाणी इशारा येत असेल तर दोष बहुधा संकेतस्थळाकडे आहे. एकाच ठिकाणी येत असेल तर तो संगणक किंवा ते जाळे संशयास्पद मानावे. इशारा कायम असताना परवलीचा शब्द, आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील देऊ नये. इशारा घालविण्यासाठी कोणी अनोळखी मूळ प्रमाणपत्र संगणकात बसविण्यास सांगितले, तर ते मुळीच बसवू नये. तसे करणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. इशारा नाही म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक आहे, असे सिद्ध होत नाही. फसव्या नावाचे संकेतस्थळही त्या नावापुरते वैध प्रमाणपत्र मिळवू शकते. कुलपाच्या चिन्हाचा हा गैरसमज वाढल्यामुळेच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले.

जबाबदारी कोणाची?

नागरिकाला सावध राहण्याचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु ज्या उमेदवाराच्या हाती अखेरचा एक तास उरला आहे, त्याच्यापुढे खरा पर्याय कोणता? इशारा मानला तर वर्ष वाया जाते, डावलला तर कष्टाचे पैसे धोक्यात येतात. सार्वजनिक संस्थेने प्रमाणपत्राचे वेळेवर नूतनीकरण केले नाही, तर ती केवळ गैरसोय करत नाही. खरा इशाराही दुर्लक्षिण्याची सवय ती हजारो नागरिकांना लावते. पुढे एखादा ठक बनावट पान उघडतो, तेव्हा हीच सवय त्याच्या कामी येते.

हे आव्हान पुढील काळात अधिक तीव्र होणार आहे. एप्रिल २०२५ मधील आंतरराष्ट्रीय निर्णयानुसार प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येईल. तेव्हा हाताने, आठवणीने नूतनीकरण करणे शक्य होणार नाही. स्वयंचलित व्यवस्था अपरिहार्य ठरेल. अर्जाच्या मुदतीत संकेतस्थळ सदोष राहिले, तर मुदतवाढ देण्याचा नियमही तितकाच आवश्यक आहे.

संघ लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत सायबर सुरक्षेची मूलतत्त्वे समाविष्ट आहेत. तेथे उत्तर लिहिणारे काही विद्यार्थी उद्या याच कार्यालयांत अधिकारी म्हणून बसतील. आपल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरील लाल त्रिकोण ‘रोजचाच’ आहे असे त्यांनी कधी म्हणू नये. गुढियारीतल्या त्या रांगेत उभ्या असलेल्या उमेदवाराचा विश्वास जपण्याचे काम तेव्हा त्यांच्याकडे असेल.