बाकी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आम्हा महाडकरांना पुराचं नवल नाही. सावित्री आणि गांधारी अधूनमधून बाजारपेठेत येऊन जातात. पण २२ जुलै २०२१चं पाणी वेगळंच होतं. माझं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान. माल गेला, उधारीची वही गेली आणि तीस वर्षांच्या कवितांच्या सात वह्याही गेल्या. चिखल उपसताना हाताला लागला तो नुसता लगदा. त्याच दिवशी आमच्या तालुक्यात तळियेवर डोंगर कोसळला, माणसं गेली. तिथं वह्यांचं दुःख सांगायचं तरी कुणाला?

काही कविता पाठ होत्या. पण उतरवाव्यात असं वाटेना. मनात एक जुनी भीती होतीच. मी मराठीत लिहितो म्हटलं की कुणीतरी कौतुकानं म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला, हे मला ठाऊक आहे. तरी ते कौतुक ऐकलं की आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. वह्या गेल्या तेव्हा ती भीती म्हणाली, बरं झालं, सुटलास!

चार महिने एक ओळ लिहिली नाही.

माझी बहीण पोलादपूरला असते. तिच्याकडे गेलो की कवींद्र परमानंदांच्या समाधीवर जाऊन यायची माझी सवय. मूळचे हे नेवाशाचे. त्यांच्या संस्कृत 'शिवभारता'चे ३१ अध्याय पूर्ण आहेत. ३२व्याचे जेमतेम ९ श्लोक, आणि पुढे काही नाही. तो छापून आला १९२७ साली, म्हणजे आमच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी. तोवर ते अर्धं राहिलेलं काव्य कुणी ना कुणी जपलं होतं. एरवी या विचारानं मला बरं वाटतं. त्या दिवशी, खरं सांगतो, रागच आला. महाराज, तुमचं अर्धं तरी उरलं!

पुढच्याच आठवड्यात पोलादपूरकडच्या डोंगरातले एक म्हातारबाबा दुकानात आले. म्हणाले, "भाई, नातीच्या वह्यांचे १८० रुपये ऱ्हायले होते."

उधारीची वहीच नव्हती. मी मागणार तरी कसे? नवी वही काढली, त्यांचं नाव आणि रक्कम जमा केली. ते गेले. पेन हातातच होतं. खाली एक ओळ लिहिली. वाईट होती. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली आणखी एक.

आता दुकानाचं शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी त्याच वहीत चार ओळी लिहितो. जमतील तशा. एखाद्या दिवशी नुसतंच 'पाऊस' असं लिहून ठेवतो. बायको हिशेब बघायला बसली की वैतागते. "अहो, येणं किती आणि कविता किती, काही कळत नाही!"

जुन्यातल्या अकरा कविता आठवून लिहिल्या आहेत. बाकी अजून येणं आहे.