विवाहाचे वय : कायद्यातले आणि व्यवहारातले



पूर्वी जगात सर्वत्र लग्ने कोवळ्या वयातच होत, असा समज रूढ आहे. इतिहास त्याला पुरता दुजोरा देत नाही.

प्राचीन रोमच्या कायद्यात विवाहाची किमान मर्यादा मुलीला १२ व मुलाला १४ वर्षे होती. ख्रिस्ती धर्मपीठाने तीच स्वीकारली आणि इंग्लंडात ती १९२९ पर्यंत टिकली. मात्र सतराव्या शतकातील चर्चच्या नोंदवह्या पाहता, तेथील सामान्य स्त्रीचे पहिले लग्न सरासरीने पंचविशीच्या सुमारास होई. नवदांपत्याने स्वतंत्र बिऱ्हाड थाटण्याची तेथे रीत होती. त्यासाठी तरुण-तरुणी परक्या घरी वर्षानुवर्षे चाकरी करून पैसा साठवीत.

आपल्याकडे एकत्र कुटुंबामुळे ही अडचण नव्हती. शिवाय ऋतुप्राप्तीपूर्वीच कन्यादान व्हावे, हा उच्चवर्णीयांतील धर्मशास्त्राचा दंडक होता. त्याची किंमत मुलींनी मोजली. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची बालवधू पतीच्या बळजबरीने दगावली. पुढील वर्षी संमतिवय १० वरून १२ झाले, तेही प्रखर विरोध पत्करून.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. पण केवळ कायद्यावर ते विसंबले नाहीत. १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले, त्यात मुलीही होत्या. १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय १४ व मुलाचे १८ ठरविले. तो १ एप्रिल १९३० रोजी अमलात येण्यापूर्वी अनेकांनी घाईघाईने मुलांची लग्ने उरकून घेतली! कायद्याने धाक वाटला, मन पालटले नाही.

१९७८ पासून मुलींसाठी १८ वर्षांची मर्यादा कायम आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठराच्या आत विवाह झालेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ४७ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर आले. कायद्यातला आकडा तोच राहिला. बदलले ते मुलींचे शाळेत टिकणे. अधिक शिकलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते, हे त्याच पाहण्या दाखवितात.

उरलेले २३ टक्के म्हणजे जवळजवळ दर चार मुलींमागे एक. तिच्या हाती पुस्तक आधी पडते की अक्षता, यावर तिचे पुढचे आयुष्य ठरते. ग्रंथालयाचे कार्य शंभर वर्षांनंतरही संपलेले नाही, ते याचसाठी.